आधी पाहणी, मग जीर्णोद्धार

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून देवळांच्या दुरुस्तीविषयी बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. तो रास्तच आहे. वास्तुशास्त्राची परीक्षा मी दिलेली नाही आणि धर्मशास्त्रात तर माझा अधिकारच नाही. माझे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयांत आणि कामगारांच्या सभांत. पण गेली पंचवीस-तीस वर्षे मी गवंडी, पाथरवट, सुतार आणि बिगारी यांच्यात वावरतो आहे. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो की यहुदी लोकांचे सिनेगॉग असो, ते उभे केले या लोकांनी, आणि टिकवायचे झाले तर तेही यांच्याच हातांनी. तेव्हा या कामाची बाजू आपल्यापुढे मांडावी, एवढीच माझी भूमिका आहे.

‘जीर्णोद्धार’ हा आपल्याकडचा जुना शब्द. मयमतासारख्या शिल्पग्रंथात जीर्ण झालेल्या वास्तूंच्या दुरुस्तीला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. म्हणजे जुन्या देवळाचे काय करावे याचा विचार आपल्या पूर्वजांनी केलेलाच होता. आज गावोगाव जीर्णोद्धार होतात. वर्गणी जमते, कमिटी नेमली जाते, कंत्राटदार ठरतो. काळ्या पाषाणाच्या भिंतींना ऑइलपेंट लागतो, दगडांचे सांधे सिमेंटने लिंपले जातात, सभामंडपाच्या झिजलेल्या फरशीवर गुळगुळीत टाइल्स बसतात. कमिटीतल्या लोकांची श्रद्धा खरी असते, आणि पैसाही बहुधा प्रामाणिकपणे खर्च झालेला असतो. एकच गोष्ट राहून जाते. त्या इमारतीला नेमके झाले काय होते, हे कोणी पाहिलेले नसते.

आमच्या युनियनमध्ये नव्या कार्यकर्त्याला पहिला धडा दिला जातो तो हा, की खात्यात जाऊन कामगारांशी बोलल्याशिवाय मागणीपत्र लिहायला बसू नये. मागणीपत्र आधी आणि चौकशी मागाहून असे झाले, की वाटाघाटीच्या टेबलावर फजिती ठरलेली. इमारतीचेही तसेच आहे. तिचे गाऱ्हाणे आधी ऐकून घ्यावे लागते. ते कसे ऐकावे, याचे एक उदाहरण मी परदेशातले देणार आहे; कारण त्यात चौकशीची प्रत्येक पायरी नोंदलेली आहे, आणि शेवटचे काम एका मजुराच्या हातून झालेले आहे.

इंग्लंडच्या दक्षिण भागात विंचेस्टर नावाचे गाव आहे. तिथल्या कॅथिड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, बांधकाम १०७९ साली सुरू झाले. तेराव्या शतकाच्या आरंभी पूर्वेच्या बाजूला त्याची वाढ करण्यात आली. ही जागा दलदलीची. तेव्हाच्या कारागिरांनी पाया घातला तो बीच जातीच्या झाडांचे ओंडके आडवे अंथरून, त्यांवर. सातशे वर्षे ही इमारत त्या ओंडक्यांवर उभी राहिली. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पूर्वेकडच्या भिंती बाहेर कलल्या, कमानींना तडे गेले, आणि वरून दगडाचे तुकडे पडू लागले. १९०५ साली वास्तुशिल्पी थॉमस जॅक्सन यांना बोलावण्यात आले.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की जॅक्सन यांनी तडे बुजवायला सांगितले नाहीत. तडा हे लक्षण आहे, मूळ दुखणे वेगळे असते. त्यांनी भिंतीच्या बाजूला खड्डा खणून खाली काय आहे ते पाहिले. ओंडक्यांच्या खाली कुजलेल्या वनस्पतींचा मऊ, दबणारा थर होता. इंग्रजीत त्याला पीट म्हणतात. त्याच्याही खाली खडीवाळूचा घट्ट थर होता. म्हणजे इमारत दगडावर नव्हे, तर ओल्या गादीवर उभी होती, आणि ती गादी दबत चालली होती. पाया खडीपर्यंत खाली नेणे हाच उपाय. पण पीट काढायला लागताच खालून पाणी उसळून खड्डा भरू लागला. पंप लावून पाणी उपसावे, तर पाण्याबरोबर भिंतीखालची बारीक माती वाहून जायची आणि इमारत अधिकच खचायची.

तेव्हा इंजिनियर फ्रान्सिस फॉक्स यांनी मार्ग सुचविला, तो असा: पाणी उपसूच नये, पाणबुड्यालाच खाली उतरवावे. या कामावर विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या १९०६ ते १९११ अशी सुमारे साडेपाच वर्षे होता. अंगावर नव्वद किलोच्या आसपास वजनाचा पोशाख, सहा मीटरपर्यंत खोल पाणी, आणि ते इतके गढूळ, की खाली दिवा नेऊन उपयोग नाही. सगळे काम हातांनी चाचपून. भिंतीखाली थोड्या थोड्या रुंदीचे खड्डे घ्यायचे, म्हणजे भिंत कधीच अधांतरी राहत नाही. पीट खरवडून बाहेर पाठवायचे. खडीचा थर लागला, की त्यावर काँक्रीटच्या पिशव्या रचायच्या आणि त्या फाडायच्या, म्हणजे काँक्रीट एकजीव होऊन खालचे पाणी बंद होते. त्यानंतर खड्डा निर्धोकपणे उपसता येई, आणि वरचे गवंडी कोरड्यात उतरून जुन्या भिंतीच्या तळापर्यंत पक्के बांधकाम करीत. या कामात काँक्रीटच्या २५,८०० पिशव्या, काँक्रीटचे १,१४,९०० ठोकळे आणि ९ लाख विटा लागल्या. वॉकर खाली होता, तसे वर सुमारे दीडशे मजूर खपत होते. १५ जुलै १९१२ रोजी राजा पाचवा जॉर्ज यांच्या उपस्थितीत आभाराची प्रार्थना झाली. ती इमारत आजही उभी आहे.

आता आपल्या गावातल्या देवळाकडे वळू. तिथे पाणबुड्याची गरज पडणार नाही. परंतु पाहण्याची रीत तीच आहे. पहिला प्रश्न पाण्याचा. जुन्या इमारतींची बहुतेक दुखणी पाण्यातून निघतात. पाणी वरून येते का, म्हणजे शिखराच्या किंवा छपराच्या सांध्यांतून. बाजूने येते का, म्हणजे तुंबलेल्या पन्हाळीतून भिंतीवर ओघळते का. की खालून येते, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढते. देवळाभोवतीच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता जोत्याच्या वर जातो, आणि पावसाचे पाणी गाभाऱ्याकडे वळते, हा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. अशा वेळी भिंतीला कितीही रंग फासला, तरी दोष भिंतीत नसून रस्त्यात असतो.

दुसरा प्रश्न तड्याचा. प्रत्येक तडा धोक्याचा नसतो. तड्याच्या आत धूळ, जळमटे किंवा जुन्या रंगाचा लेप असेल, तर तो बहुधा जुना आहे. कडा ताज्या आणि स्वच्छ असतील, तर तो नवा. तडा वाढतो आहे की थांबला आहे, हे कळण्याची युक्ती अगदी साधी आहे. तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून तिच्यावर तारीख लिहून ठेवतात. काच फुटली, की इमारत हलते आहे असे समजावे. भिंत कलली आहे का, हे गवंड्याचा ओळंबा सांगतो. मात्र ही मोजमापे एका दिवसात होत नाहीत. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा इमारतीकडे लक्ष ठेवावे, कारण उन्हाने आणि ओलीने भिंती थोड्याफार हलतातच.

तिसरा प्रश्न असा, की ही इमारत कशाची आणि कशी बांधलेली आहे. आपल्याकडच्या ज्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो, त्यांचे घडीव दगड चुन्यावाचून एकमेकांवर बसवलेले असतात. मराठेशाहीतल्या कित्येक देवळांत दगड आणि वीट चुन्यात बांधलेली आहे. कोकणात आणि गोव्यात सच्छिद्र जांभा आहे. जो उपाय एकाला लागू, तो दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

इथे चुना आणि सिमेंट यांतला फरक समजून घेतला पाहिजे. चुनखडी भट्टीत भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळू किंवा विटेची सुरखी घालून घाणीत मळला, की बांधकामाचा चुना होतो. भिंतीत गेल्यावर तो हवेतला तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू दगड बनतो. त्याचे दोन मोठे गुण आहेत. एक म्हणजे, तो दगड-विटेपेक्षा मऊ असतो. इमारत थोडी हलली तर तडा सांध्यात पडतो, दगड वाचतो. दुसरा, त्यातून ओल बाहेर निघून जाते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. ते कठीण आणि घट्ट. जुन्या मऊ विटेच्या किंवा जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, की आतली ओल आतच कोंडते, तिच्यातले क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साचून त्यांचे स्फटिक होतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून भिंत नवी दिसते. आतून ती झिजत असते.

म्हणून सिमेंट हा शत्रू आहे असे मात्र मी म्हणणार नाही. विंचेस्टरच्या पायात पाण्याखाली काँक्रीटच उपयोगी पडले. तिथे चुन्याने काम भागले नसते. मुद्दा वस्तू चांगली की वाईट हा नसून, ती कुठे आणि कशासाठी वापरायची, हा आहे. आणि ते पाहणीशिवाय कळत नाही.

चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती कशी अंगावर येते, याचे ठळक उदाहरण ग्रीस देशातले पार्थेनॉन. ते आधी अथेना देवीचे मंदिर होते, पुढे चर्च झाले, त्यानंतर मशीद. मूळच्या बांधणाऱ्यांनी संगमरवरी शिळा लोखंडी आकड्यांनी जोडल्या होत्या, पण त्या आकड्यांभोवती त्यांनी शिसे ओतले होते, म्हणजे लोखंडाला पाणी लागू नये. १८९८ पासून पुढे तीसहून अधिक वर्षे निकोलाओस बालानोस या इंजिनियराच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली. तेव्हा लोखंडी आकडे वापरले, शिशाचे आवरण गाळले. लोखंड गंजले, गंजाने फुगले आणि संगमरवर फुटला. अलीकडच्या काळात ते आकडे काढून टिटॅनियम धातूचे बसवावे लागले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कामगाराला जे ठाऊक होते, ते आधुनिक इंजिनियरीने विचारले नाही. विचारायचे होते फक्त जुन्या सांध्याला.

आपल्या शेजारच्या गोव्यातही असेच एक प्रकरण आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळात झाले. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीत, या इमारतीचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला आणि आतला जांभा उघडा पडला. आज येणाऱ्या प्रवाशांना तो तांबूस रंग मोठा प्राचीन वाटतो. पण गिलावा हे त्या जांभ्याचे पावसातले कांबळे होते. ते काढल्यापासून दगड कोकणपट्टीचा पाऊस उघड्याने सोसतो आहे, आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर वाद झडत आले आहेत. एकाने इमारत नवी दिसावी म्हणून रंग फासला आणि दुसऱ्याने ती जुनी दिसावी म्हणून गिलावा सोलला, तरी दोघांची चूक एकच. दोघेही इमारत कशी दिसते एवढेच पाहतात.

हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक नावाच्या वास्तुशिल्पीने पॅरिसच्या नोत्र दाम चर्चची डागडुजी केली. इमारत पूर्वी कधी नसेल इतक्या परिपूर्ण रूपाला न्यावी, असे त्यांचे मत होते. इंग्लंडात विल्यम मॉरिस यांनी याला कडाडून विरोध केला. मॉरिस हे कवी, छपाईचे आणि विणकामाचे कारागीर, आणि पुढे समाजवादी चळवळीचे कार्यकर्ते. १८७७ साली त्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की रोजची निगा राखा, पडणाऱ्याला टेकू द्या, गळणारे छप्पर दुरुस्त करा, पण जुन्या कारागिराच्या हाताची खूण पुसून त्या जागी खोटी जुनी नक्षी बसवू नका. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ साली जी कार्यपुस्तिका काढली, तिचाही रोख असाच आहे. मात्र ज्या ठिकाणी आजही पूजा-प्रार्थना चालते, तिथे काही अधिक सूट द्यावी लागेल, हे त्यांनी मान्य केले होते. ते योग्यही आहे. देऊळ म्हणजे संग्रहालय नव्हे. तिथे माणसे येणार, दिवे लागणार, अभिषेकाचे पाणी वाहणार, उत्सवाला गर्दी होणार. म्हणून पाहणी करणाऱ्याने पुजाऱ्याला, मुजावराला, पाद्र्याला, झाडलोट करणाऱ्या बाईलाही विचारले पाहिजे. पाणी कुठे साचते, हे सर्वांत आधी तिलाच ठाऊक असते.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. पाहणी उत्तम झाली, उपाय ठरला, तरी तो अमलात आणणार कोण? चुना विरवणारे, तो महिनोन्‌महिने मुरवणारे, त्याचा गिलावा चढवणारे गवंडी आज फार थोडे उरले आहेत. कारण सोपे आहे. जिथे सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, तिथे सावकाश होणारे चुन्याचे काम मागे पडते. वर्षातून दोन महिने चुन्याचे काम आणि दहा महिने बेकारी, असे असेल तर बाप मुलाला हा धंदा शिकवीत नाही. पाथरवटाची गोष्ट आणखी वाईट. दगड कोरडाच कापला, की बारीक धूळ फुप्फुसात जाते. वाळूच्या दगडाची धूळ तर विशेष घातक. तिच्यातून सिलिकोसिस हा रोग होतो, आणि त्यावर औषध नाही. दगडावर पाणी मारून धूळ बसवणे आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा देणे, हा त्यावरचा बंदोबस्त आहे. त्याचा खर्च जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकात धरलेला असतो का, हे आपण एकदा विचारून पाहा.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या मजुराला त्याखाली नोंदणी करता येत असे आणि कल्याण मंडळाचे लाभ मिळत असत. देवळाच्या कामावरचा गवंडीही मजूरच असतो. तरीही धर्मकार्य आहे, थोडे कमी घे, असे त्याला सांगितले जाते. कंत्राटदाराला असे सांगितलेले मी ऐकलेले नाही.

दुसऱ्या देशांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले ते सांगतो. जपानमध्ये इसे येथील देवस्थानात दर वीस वर्षांनी जुन्या मंदिराशेजारी तसेच नवे मंदिर बांधतात. अलीकडचे असे बांधकाम २०१३ साली पूर्ण झाले. वीस वर्षांत शिकाऊ सुतार तयार होऊन उस्ताद होतो, आणि विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते. तिथे लाकूड नवे असते, टिकते ती कारागिरी. फ्रान्समध्ये १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामचे छप्पर जळाले, मनोरा कोसळला. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले. या कामावर सुमारे दोन हजार माणसे खपली. छपराचे ओकचे वासे सुतारांनी पुष्कळसे हातातल्या कुऱ्हाडीने तासले. पैसा तर जगभरातून आला. पण नुसत्या पैशाने पाच वर्षांत हे झाले नसते. कुऱ्हाडीने वासा तासणारे सुतार त्या देशाने जिवंत ठेवले होते, म्हणून झाले. आपल्याकडे उद्या असा प्रसंग आला, तर पैसा जमेल यात मला शंका नाही. हात कुठून आणणार, ही चिंता आहे.

मग आपण नागरिकांनी काय करावे? मोठ्या गोष्टी सोडून द्या. कमिटीच्या सभेत बसून करता येतील अशाच सांगतो. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पन्हाळी आणि गटारे साफ करून घ्यावीत. शिखरावर रुजलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप बोटाएवढे असतानाच काढावे. मूळ सांध्यात खोल गेल्यावर ते ओढून काढले तर दगडही हलतो. वास्तू संरक्षित आहे का, याची चौकशी करावी. केंद्राने संरक्षित केलेली असेल तर परवानगीवाचून काही करता येत नाही, आणि तिच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. वर्गणीतला पहिला पैसा पाहणीवर खर्च करावा. जाणत्या वास्तुशिल्पीकडून लेखी अहवाल घ्यावा, फोटो आणि मोजमापे जपून ठेवावीत. रंग काढायचा असो की सांधे भरायचे असोत, आधी हातभर जागेवर नमुना करून एक पावसाळा पाहावा. निविदेत चुन्याच्या गवंड्याची अट घालावी, त्याच्या हाताखाली दोन शिकाऊ मुले ठेवण्याची अट घालावी, आणि त्यांची मजुरी कंत्राटदाराच्या मर्जीवर न सोडता कागदावर लिहावी.

शेवटी एक विनंती. जीर्णोद्धार पुरा झाला, की देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. लागावी, त्यात गैर काही नाही. पण विंचेस्टरच्या त्या वॉकरचे काय झाले ते ऐका. राजाने त्याला सन्मान दिला. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो वारला, तेव्हा त्याला पन्नाशीही गाठायची होती. पुढे त्याचा लहानसा पुतळा करण्यात आला, तर त्याला चेहरा लागला तो इंजिनियर फॉक्स यांचा! खरा वॉकर दाखवणारा नवा पुतळा २००१ साली बसला. ज्याच्या हातांनी इमारत वाचली, त्याचा चेहरा इतक्या सहज विसरला जातो. आपल्या कमिटीने कामाच्या अहवालात गवंड्यांची आणि पाथरवटांची नावे, कोणत्या सालात कोणत्या भिंतीला कसला चुना वापरला या नोंदीसह, लिहून ठेवावीत. पन्नास वर्षांनी त्या भिंतीची पुन्हा पाहणी करणाऱ्या माणसाला सर्वांत आधी तोच कागद लागेल.